टोकन दिले, पण गाडी न्यायला कोणी येईना

प्रश्न : माझी नऊ वर्षे वापरलेली कार मी ओळखीतून आलेल्या एका गृहस्थांना विकायची ठरवली. किंमत ४,२०,००० रुपये ठरली. त्यांनी त्याच दिवशी ५०,००० रुपये टोकन म्हणून माझ्या खात्यावर पाठवले आणि ‘दहा दिवसांत उरलेले पैसे देऊन गाडी घेऊन जातो’ असा व्हॉट्सॲपवर निरोप दिला. कर्जाच्या कामासाठी लागतील म्हणाले, म्हणून मी मालकी हस्तांतरणाच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. मूळ आरसी माझ्याकडेच आहे. आज अडीच महिने झाले. कधी कर्ज अडकले, कधी घरात आजारपण; दर वेळी ते नवी तारीख देतात आणि मी ‘चालेल’ असे उत्तर देतो. दरम्यान माझी नवी गाडी आल्यामुळे जुनी गाडी दरमहा १,५०० रुपये भाडे देऊन दुसऱ्या जागेत ठेवावी लागली, तिची बॅटरी उतरली आणि विमाही पुढच्या महिन्यात संपतो आहे. आता ३,९५,००० रुपये देणारे दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. हे कळल्यावर पहिले गृहस्थ म्हणतात, ‘टोकन दिले आहे, म्हणजे गाडी माझी. दुसऱ्याला विकलीत तर पोलिसांत जाईन. शिवाय बॅटरी बंद आहे, तेव्हा दहा हजार कमी करा.’ टोकन जप्त करून मी गाडी विकू शकतो का? आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगू?

उत्तर : सप्रेम नमस्कार. गाडी दुसऱ्याला विकण्याचा मार्ग आपल्याला खुला आहे, पण आज लगेच विकू नका. त्याआधी एक लेखी नोटीस द्या, तिच्यात शेवटची तारीख घाला आणि ती तारीख उलटू द्या. टोकनची संपूर्ण रक्कम ठेवून घेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन्ही गोष्टींची कारणे सविस्तर सांगतो, कारण अशा व्यवहारात विकणारा माणूस बहुधा बरोबर असतो आणि तरीही घाईत टाकलेल्या एका पावलामुळे अडचणीत येतो.

‘टोकन दिले म्हणजे गाडी माझी’ हा दावा आधी तपासू. जुन्या गाडीची खासगी विक्री ही कायद्याच्या दृष्टीने मालाची विक्री असते आणि तिला मालविक्री अधिनियम, १९३० लागू होतो. मालकी केव्हा बदलते हे त्या कायद्याच्या १९व्या कलमानुसार दोन्ही पक्षांच्या इराद्यावर ठरते. उरलेले पैसे द्यायचे आणि मग गाडी व कागदपत्रे न्यायची असे तुमचे ठरलेले होते, मूळ आरसी तुमच्याकडेच राहिली, किल्ल्याही तुमच्याकडे आहेत; यावरून पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी सोडण्याचा तुमचा इरादा नव्हता, असे म्हणायला चांगला आधार आहे. त्या गृहस्थांचा वकील कदाचित २०व्या कलमावर बोट ठेवेल, कारण ठरावीक आणि तयार वस्तूचा सौदा बिनशर्त असेल, तर पैसे किंवा ताबा नंतर द्यायचा असला तरी मालकी सौद्याच्या क्षणीच बदलते, असे ते कलम सांगते. पण हा युक्तिवाद मान्य झाला तरी तुमचे फार बिघडत नाही. संपूर्ण किंमत मिळालेली नसेल तर ४५व्या कलमानुसार तुम्ही ‘पैसे न मिळालेले विक्रेते’ ठरता, ४७व्या कलमानुसार बाकी मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवण्याचा हक्क तुम्हाला असतो आणि ५४व्या कलमात फेरविक्रीची वाट दिलेली आहे. म्हणजे टोकनमुळे त्या गृहस्थांना गाडी ठरल्या भावाने विकत घेण्याचा हक्क मिळाला. ती तुमच्या जागेत, तुमच्या खर्चाने अनिश्चित काळ ठेवण्याचा हक्क मिळाला नाही.

मग आजच का विकू नये? याचे कारण तुमच्या ‘चालेल’ या उत्तरात आहे. पहिले दहा दिवस संपले तेव्हा तुम्ही ‘आता सौदा रद्द’ असे कळवले असते, तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही दर वेळी नवी तारीख मान्य केली, आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या ६३व्या कलमानुसार ज्याला वचनपूर्ती हवी असते तो मुदत वाढवून देऊ शकतो. तुम्ही ती प्रत्येक वेळी वाढवूनच दिली. त्यातच मालविक्री कायद्याचे ११वे कलम सांगते की, वेगळा इरादा दिसत नसेल तर पैसे देण्याची वेळ ही सौद्याचा गाभा मानली जात नाही. त्यामुळे आज तुम्ही अचानक गाडी विकलीत, तर त्या गृहस्थांना आपल्या मोबाइलमधले तुमचे शेवटचे ‘चालेल’ दाखवून, ‘मी यांनीच दिलेल्या मुदतीत होतो’ असे म्हणता येईल. तुम्ही दाखवलेला हा सौजन्याचा व्यवहार तुमच्या विरुद्ध वापरला जाऊ नये, एवढ्यासाठीच नोटीस हवी. तिच्यामुळे सैल झालेली मुदत पुन्हा पक्की होते.

नोटिशीचा दुसरा उपयोग पैशांचा आहे. ५४व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार, फेरविक्री करणार असल्याचे आधी कळवले आणि वाजवी मुदतीत पैसे आले नाहीत, तर वाजवी वेळेत केलेल्या फेरविक्रीत आलेला तोटा पहिल्या खरेदीदाराकडून मागता येतो आणि नफा झाला तर तो विक्रेत्याचा राहतो. नोटीस न देता विकले, तर तोटा मागता येत नाही आणि नफा झाल्यास त्यावर पहिला खरेदीदार हक्क सांगू शकतो. तुमच्या बाबतीत पंचवीस हजारांचा फरक आहे, आणि तो मागता येईल की नाही हे एका कागदावर अवलंबून आहे.

नोटीस वकिलामार्फतच दिली पाहिजे असे नाही. भाषा साधी ठेवा, राग पूर्णपणे बाहेर ठेवा. मजकूर साधारण असा असावा : ‘आपण अमुक तारखेला माझी अमुक क्रमांकाची कार ४,२०,००० रुपयांना घेण्याचे ठरवून ५०,००० रुपये दिलेत व दहा दिवसांत बाकी रक्कम देऊन गाडी नेण्याचे मान्य केलेत. आपल्या विनंतीवरून मी वेळोवेळी मुदत वाढवली. यापुढे मुदत वाढवली जाणार नाही. अमुक तारखेला सायंकाळी सहा वाजेपर्यंत ३,७०,००० रुपये माझ्या खात्यात जमा करून गाडीचा ताबा घ्यावा; मी ताबा देण्यास तयार आहे. तोपर्यंत तसे न झाल्यास सौदा संपला असे समजून मी गाडी दुसऱ्यास विकेन, फेरविक्रीत येणारा तोटा आणि या पत्राच्या तारखेपासूनचे गाडी ठेवण्याचे भाडे वजा करून उरलेली रक्कम आपल्या खात्यावर परत करेन. आपल्याकडे दिलेले सही केलेले २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म त्या परिस्थितीत रद्द समजावेत व मला परत करावेत.’ मुदत बारा ते पंधरा दिवसांची द्या. अडीच महिने थांबलेल्या माणसाने दोन दिवसांची मुदत दिली तर ती वाजवी दिसणार नाही. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचल्याचा पुरावा जपून ठेवा आणि तिचा फोटो त्याच व्हॉट्सॲप संभाषणात टाका, म्हणजे जिथे ‘चालेल’ लिहिले आहे तिथेच ‘आता चालणार नाही’ हेही नोंदले जाईल. आणि त्यानंतर फोनवर कितीही गोड बोलणे झाले तरी तोंडी मुदत वाढवू नका. द्यायचीच असेल तर लेखी, एकदाच आणि काही पैसे हाती घेऊन द्या.

‘मी ताबा देण्यास तयार आहे’ हे वाक्य गाळू नका. मालविक्री कायद्याचे ४४वे कलम नेमके तुमच्यासारख्या परिस्थितीसाठी आहे : विक्रेता माल देण्यास तयार असेल, त्याने खरेदीदाराला माल नेण्यास सांगितले असेल आणि खरेदीदाराने त्यानंतर वाजवी वेळेत तो नेला नसेल, तर त्या दिरंगाईमुळे होणारे नुकसान आणि माल सांभाळण्याचा वाजवी खर्च खरेदीदाराने द्यायचा असतो. आता तुम्हाला न आवडणारी गोष्टही सांगतो. मागच्या अडीच महिन्यांतले भाडे या कलमाखाली मागता येईल, पण तुमची बाजू तिथे कच्ची आहे, कारण त्या काळातल्या तारखा तुम्ही मान्य केलेल्या होत्या. नोटिशीनंतरचे भाडे मात्र निःसंकोच मागावे. आधीचे भाडे मी हट्टाचा मुद्दा करणार नाही. तडजोडीच्या वेळी सोडून द्यायला ते उपयोगी पडेल.

आता टोकन. त्या रकमेचे कायदेशीर स्वरूप काय, यावर सारे अवलंबून आहे. सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेला इसार, खरेदीदाराने सौदा मोडल्यास आणि रक्कम वाजवी असल्यास, ठेवून घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मौला बक्ष प्रकरणात हे तत्त्व मांडले आहे. पण २०१२ साली सतीश बत्रा प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, जप्तीची अट करारात निःसंदिग्ध असावी लागते आणि किमतीचा केवळ एक हप्ता म्हणून दिलेली रक्कम जप्त करता येत नाही. तुमच्या संदेशांत ‘टोकन’ एवढेच आहे. गाडी नेली नाही तर पैसे परत मिळणार नाहीत, असे कुठेही लिहिलेले नाही. किमतीच्या जवळजवळ बारा टक्के असलेली ही रक्कम सगळीच्या सगळी गिळणे कायद्यात टिकणे कठीण आहे आणि, मला विचाराल तर, ते न्यायाचेही नाही. प्रत्यक्ष झालेले नुकसान घ्या आणि बाकी परत करा. समजा मुदत उलटल्यावर गाडी ३,९५,००० रुपयांना गेली आणि नोटिशीनंतरचे एक महिन्याचे भाडे धरले, तर २५,००० अधिक १,५०० असे २६,५०० रुपये तुमचे आणि २३,५०० रुपये त्यांचे. हा हिशेब एका कागदावर मांडून, रक्कम खात्यावरच पाठवून, दोन्हींची प्रत त्यांना द्या. ३,९५,००० हा भाव ओळखीपाळखीत पाडून दिलेला नाही हे दाखवता यावे म्हणून त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या गाड्यांच्या चालू जाहिराती आणि तुम्हाला आलेले इतर देकार यांचे स्क्रीनशॉट ठेवा.

पोलिसांच्या धमकीने घाबरू नका, पण ती हसण्यावारीही नेऊ नका. फसवणुकीचा गुन्हा, जो आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमात आहे, सिद्ध व्हायला फसवण्याचा हेतू लागतो, आणि तो साधारणपणे व्यवहाराच्या सुरुवातीपासून असावा लागतो. पैसे खात्यावर घेतलेले, वारंवार गाडी न्यायला बोलावलेले, लेखी मुदत दिलेली आणि उरलेली रक्कम हिशेबासह परत केलेली, अशा माणसावर तो आरोप चिकटत नाही. हा दिवाणी वाद आहे. टोकन खिशात ठेवून गुपचूप दुसऱ्याला गाडी विकणाऱ्याचे चित्र मात्र वेगळे दिसते, आणि पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी चित्रच पाहिले जाते. पोलिसांनी विचारणा केलीच तर नोटीस, पोच, बँकेचा उतारा आणि संपूर्ण संभाषण घेऊन जा. तुम्हीही दबाव आणण्यासाठी तक्रार करायला जाऊ नका.

बॅटरीच्या मागणीत थोडे तथ्य आहे, दहा हजारांचे नाही. माल देण्याघेण्यात ज्याच्या चुकीमुळे उशीर झाला, त्या उशिरामुळेच झालेल्या हानीची जोखीम त्याच्यावर असते, असे मालविक्री कायद्याचे २६वे कलम सांगते. गाडी ठरल्या दिवशी गेली असती तर बॅटरी उतरलीच नसती. मात्र त्याच कलमात, दुसऱ्यासाठी वस्तू सांभाळणाऱ्याने घ्यायची काळजी माफ केलेली नाही. तुमच्याकडे गाडी होती, आणि उभ्या गाडीच्या बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवणे किंवा आठवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटे चालवून आणणे अवघड नव्हते. म्हणून आजच मेकॅनिकला बोलावून बॅटरी चार्ज करून पाहा. ती चार्ज झाली तर प्रश्नच मिटला. नाही झाली तर नव्या बॅटरीचा खर्च अर्धा-अर्धा वाटून घेण्याची तयारी दाखवा. त्याच वेळी टायरमधली हवा भरून घ्या, बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना ते बघा आणि मीटरवरच्या किलोमीटरचा तारखेसह फोटो काढा. इथून पुढे गाडी वैयक्तिक कामाला अजिबात वापरू नका. सौद्याच्या दिवशीच्या आकड्यात दोनशे किलोमीटरची भर पडलेली दिसली, तर तुमच्या सगळ्या खऱ्या तक्रारींवर त्या एका आकड्याने पाणी पडते. विमा संपू देऊ नका. विनाविमा गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, आणि खरेदीदाराला दाखवायला किंवा गॅरेजला न्यायला ती रस्त्यावर येणारच.

सही केलेल्या फॉर्मांची मला या सगळ्यात अधिक काळजी वाटते. मूळ आरसी तुमच्याकडे आहे, ही मोठी जमेची बाजू. ती कोणत्याही कारणाने, झेरॉक्स काढायलासुद्धा, हातावेगळी करू नका. हस्तांतरणाच्या ऑनलाइन अर्जासाठी मोबाइलवर ओटीपी आला तर तो कुणालाही सांगू नका. फॉर्म परत मिळाले नाहीत तर नोटिशीची प्रत जोडून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, ते रद्द केल्याबद्दलचा अर्ज द्या आणि त्यावर आवक शिक्का घ्या.

गाडी शेवटी कोणीही नेवो, ताबा देताना एक गोष्ट चुकवू नका. पैसे खात्यात जमा झाल्याचे बँकेच्या ॲपमध्ये स्वतः पाहा. समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर किल्ली देऊ नका. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, कारण दुपारी चार वाजता दिलेल्या गाडीचा सहा वाजता अपघात झाला तर ती वेळच कामाला येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५०व्या कलमानुसार हस्तांतरणाची सूचना विक्रेत्याने चौदा दिवसांत द्यायची असते आणि खरेदीदाराने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. खरेदीदाराच्या भरवशावर न राहता आपली सूचना आपण द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात निकाल दिला तेव्हा ती गाडी एकामागून एक हातांतून गेलेली होती, तरी नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिल्यामुळे अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करा. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन नव्या गाडीसाठी वापरा.

ज्या वाचकांना पूर्ण पैसे मिळाले आहेत आणि तरीही खरेदीदार गाडी नेत नाही, त्यांनी वरचा फेरविक्रीचा मार्ग स्वतःला लावून घेऊ नये. तो फक्त पैसे न मिळालेल्या विक्रेत्यासाठी आहे. तिथे गाडी बहुधा दुसऱ्याची झालेली असते आणि तुम्ही ती सांभाळत असता. ताबा घेण्याची लेखी मागणी करणे, सांभाळण्याचा खर्च मागणे आणि हस्तांतरणाची सूचना तत्काळ देणे, एवढेच त्यांच्या हाती आहे.

वाद चिघळलाच तर ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही, कारण इथे तुम्ही ग्राहक नाही आणि तेही तुमचे सेवा पुरवणारे नाहीत. दावा दिवाणी न्यायालयात, तीन वर्षांच्या मुदतीत करता येतो. एवढ्या रकमेसाठी त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज द्यावा, असे मी सुचवेन. तिथे होणारी तडजोड लेखी होते आणि लोक अदालतीत झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. आणि त्या गृहस्थांच्या बाजूने एक शक्यता मनात ठेवा : जुन्या गाडीचे कर्ज खरोखरच रेंगाळलेले असू शकते. नोटीस देण्याआधी एकदा फोन करून, कर्जाचा अर्ज कोणत्या बँकेत कधी दिला आणि मंजुरीचे पत्र आले का, हे विचारा. खरी अडचण असलेला माणूस कागद दाखवतो.

राहिले दुसरे गिऱ्हाईक. त्यांना सगळी खरी हकीकत सांगा : आधीचा सौदा अजून जिवंत आहे, अमुक तारखेला मुदत संपते आणि त्यानंतर आपण गाडी देऊ शकाल. त्या तारखेपर्यंत त्यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नका, नाहीतर एकाच गाडीवर दोघांचे टोकन घेतल्याचा ठपका येईल. आणि पहिल्या गृहस्थांनी शेवटच्या दिवशी, सहाला दहा मिनिटे कमी असताना, तीन लाख सत्तर हजार भरले, तर मधल्या काळात कुणी जास्त देऊ केले असले तरी गाडी त्यांनाच द्यावी लागेल. हेही दुसऱ्या गिऱ्हाइकाला आताच सांगून ठेवा.